विजयदुर्ग १७५६: आरमार नेमकं कुणी जाळलं?

बाणकोटकर:
"नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांच्या हातून आपलंच आरमार जाळलं" हे सर्रास ऐकू येतं. मला ते अर्धंच पटतं. मार्च १७५५ चा मुंबईकर इंग्रजांशी केलेला करार पेशव्यांचा, त्याची जबाबदारी झटकता येणार नाही. पण त्यांना किल्ले हवे होते आणि खंडणी नाकारणारा विजयदुर्गाचा आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे ताब्यात हवा होता. गुराबा (आंग्र्यांची मोठी लढाऊ जहाजं) जळून त्यांच्या पदरात काय पडणार होतं?

गिर्येकर:
हेतू नसेल, पण धोका समोर दिसत होता. एप्रिल १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने समुद्रातून तोफा डागून सुवर्णदुर्ग घेतला, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

१२ फेब्रुवारी १७५६ चं बघा. आंग्र्यांच्या गुराबा विजयदुर्गाखाली एकमेकींना बांधून ठेवलेल्या. गुराबेचा जोर नाळेवरच्या (पुढच्या टोकावरच्या) तोफांत. शत्रूच्या पिछाडीला यायचं आणि डोलकाठ्या फोडायच्या. वारा पडला की ४०-५० वल्ह्यांची गलबतं तिला ओढून नेणार. बांधून ठेवल्यावर यातलं काहीच जमत नाही. इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनच्या ताफ्यातून आलेला एक गोळा 'रिस्टोरेशन'वर पडला (हे जहाज तुळाजीनेच कंपनीकडून पकडलेलं), आणि आग एकीवरून दुसरीवर गेली. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं.

बाणकोटकर:
तेव्हा तुळाजी गडावर नव्हताच, पेशव्यांच्या छावणीत बोलणी करत होता. गड बोलण्यांतून पेशव्यांकडे गेला असता तर इंग्रजांची लूट बुडाली असती. म्हणूनच इंग्रजांचा सेनानी क्लाइव्ह त्या संध्याकाळी गड आणि मराठी फौज यांच्या मधोमध उतरला. लुटीचे वाटे तर मुंबईहून निघण्याआधीच ठरले होते! सुमारे १० लाख रुपये त्यांनी आपसांत वाटून घेतले, पेशव्यांना छदामही नाही.

चौलवासी:
तुम्ही दोघंही आंग्रे हा एकच पक्ष धरून चाललात. १७३५ पासून कुलाब्याला मानाजी आंग्रे आणि सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडे (तुळाजीच्या आधी) संभाजी आंग्रे अशी घराची वाटणी झाली होती, ती बाजीरावाच्या मध्यस्थीने. सावंतवाडीच्या सावंतांनी १७३० मध्येच आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी तह केला, कारण त्यांच्या मुलखाला झळ बसत होती ती शेजारच्या आंग्र्यांची. आणि दस्तक (समुद्रातून जाण्याचा परवाना) नसलं की माल जप्त! किनाऱ्याच्या व्यापाऱ्याला हे सारे दर्याचे मालक सारखेच जाचक.

गिर्येकर:
चौलवासी, 'सारखेच' हे मान्य नाही. पोर्तुगीज कार्ताझ (त्यांचे परवाने) विकत, इंग्रज आपले परवाने देत, आणि आंग्र्यांनी दस्तक मागितलं की ते चाचे? सरखेलपद (आरमारप्रमुखाचं पद) छत्रपतींनी दिलेलं होतं. मात्र तुळाजीने पुण्याशी पार बिघडवून घेतलं, ही त्याची चूक मी नाकारत नाही.

बाणकोटकर:
मग हेही धरा. ऑक्टोबर १७५६ च्या तहाने विजयदुर्ग परत मिळाला, बदल्यात बाणकोट गेला. पुढे पेशव्यांनी तो धुळप या आपल्या आरमारी सरदारांकडे देऊन तिथेच आरमार पुन्हा उभं केलं. ज्याला आरमारच नको होतं, तो एवढा खर्च कशाला करेल?

गिर्येकर:
पुन्हा उभं करावं लागलं, हेच तर माझं म्हणणं आहे. जहाजं बांधता येतात. बाणकोटची खाडी मात्र गेली ती गेलीच.