पोटाच्या केमो पोर्टमधून सलाईन थेंबथेंब जातंय, आधी काय तपासायचं?

डेकेअर_सिस्टर: ओव्हरीचा कॅन्सर, स्टेज ३. ऑपरेशनच्या वेळीच उजव्या खालच्या बरगडीवर पोर्ट (कातडीखालची डबी, तिची नळी म्हणजे कॅथेटर पोटात) बसवलाय. पहिलं सायकल व्यवस्थित गेलं. दुसऱ्या सायकलच्या सिस्प्लॅटिनसाठी (केमोचं औषध) १ इंची ह्यूबर सुई (पोर्टची खास सुई) टोचली. सिरिंजने मागे ओढलं तर काहीच येत नाही, फ्लश करताना पोर्टभोवती दुखतं आणि बॅग थेंबथेंबच चालते. आमच्याकडे सगळे शिरेचेच पोर्ट असतात. औषध लावायचं की थांबायचं?

ऑन्को_इन्चार्ज: ताई, मागे काही न येणं इथे नॉर्मल आहे. कॅथेटर शिरेत नाही, पोटाच्या पोकळीत मोकळा आहे. ओढलं की आतडं किंवा पोटातला पडदा तोंडाला चिकटतो. त्यामुळे 'रक्त आलं तरच औषध' हा शिरेच्या पोर्टचा नियम इथे चालत नाही. दुखणं मात्र नॉर्मल नाही, औषध थांबवा.

पहिला संशय सुईवर घ्या. अंगाने भरलेल्या बाईला १ इंच कमी पडतो, टोक रबरातच राहतं. १९ किंवा २० गेजची दीड इंची नवी ह्यूबर घ्या, पोर्ट दोन बोटांत घट्ट धरा आणि तळाचा धातू टक्कन लागेपर्यंत सरळ खाली जा. मग १० एमएलच्याच सिरिंजने (लहान सिरिंजचा दाब जास्त पडतो) सलाईन सावकाश ढकला आणि दुसऱ्या हाताने पोर्टभोवतीची कातडी चाचपत राहा. फुगवटा आला तर सलाईन कातडीखाली जातंय. काही फुगलं नाही, तर लघवीला जाऊन यायला सांगा, कूस बदला, बॅग उंच टांगा. पंप लावून ढकलू नका. अडथळा कुठे आहे हे पंपाला कळत नाही.

स्त्रीकर्करोग_सर्जन: सुई बरोबर बसूनही जात नसेल तर फ्लोरोस्कोपीखाली (चालू एक्स-रे) डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव) सोडून बघा. तीन गोष्टी दिसतात. बरगडीच्या कडेला कॅथेटर मुरडलेला असतो, पोर्टच्या जोडापासून सुटलेला असतो, किंवा डाय आतड्यांमध्ये न पसरता एकाच कप्प्यात साचतो. कप्पा दिसला तर त्या पोर्टमधून केमो नको, सगळं औषध एकाच जागी साचून राहील. वायर घालून कॅथेटर मोकळा करायच्या फंदात पडू नका. टोकाला आतडं चिकटलेलं असू शकतं.

म्हणूनच बाजूला भोकं आणि कफ (ऊतीत रुतणारा पट्टा) असलेल्या कॅथेटरपेक्षा शिरेसाठीचा ९.६ फ्रेंचचा साधा सिलिकॉन कॅथेटर बरा: चिकटत कमी आणि काढताना सहज सुटतो. डाव्या मोठ्या आतड्याचा भाग काढला असेल तर पोटातून केमो सुरूच न होण्याचं प्रमाण जास्त दिसलंय.

पोर्ट गेलाच तर उरलेली सायकल्स शिरेतून द्या. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या जीओजी १७२ या अमेरिकी चाचणीत पोटातून सहाही सायकल्स पूर्ण झालेल्या बायका ४२ टक्केच होत्या, तरी त्या गटातल्या निम्म्या बायका ६५.६ महिन्यांहून जास्त जगल्या (मीडियन). फक्त शिरेतून घेणाऱ्यांत हाच आकडा ४९.७ महिने.

केमो_फार्मसी: सायकलच्या आठव्या दिवशी पोटातून जाणाऱ्या पॅक्लिटॅक्सेलला (दुसरं केमो औषध) ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर लागतो आणि नुसत्या उंचीवर चालवताना त्यानेच वेग पडतो. पोर्ट तपासताना फिल्टर काढून साध्या सलाईनने बघा. बॅग शरीराच्या तापमानाला आणा, थंड लिटरने पोटात कळा येतात. औषधाचा पहिला लिटर गेल्यावर दुसरा फक्त पसरवण्यासाठी असतो. पोट ताठ झालं, धाप लागली तर तो अर्ध्यात थांबवला तरी डोस गेलेलाच आहे. नंतर दर १५ मिनिटांनी कूस बदलायची, साधारण दोन तास.

डेकेअर_सिस्टर: दीड इंची सुई लागताच धार सुटली, दुखणंही गेलं, औषध सुरू केलं. पण आता योनीमार्गातून पाणी येतंय. पोटातलं की लघवी?

स्त्रीकर्करोग_सर्जन: इन्फ्युजन लगेच बंद करा आणि सर्जनला बोलवा. थोडं पाणी क्रिएटिनिनला (लघवीत खूप असणारा घटक) पाठवा: रक्ताएवढंच किंवा कमी आलं तर पोटातलं, कितीतरी पट आलं तर लघवी. गर्भाशय काढल्यानंतरची टाक्यांची जागा कच्ची असेल तर तिथून गळतं. ती भरेपर्यंत पोटातून केमो नाही. तोवर पॅड बदलताना केमोचे हातमोजे घाला आणि पॅड सायटोटॉक्सिकच्या (केमोच्या कचऱ्याच्या) पिशवीतच टाका.