मावशी, आत्या, काकू : तिची एखादी खोड सांगा

गेल्या महिन्यात आत्या गेली. दहाव्याला सगळे 'प्रेमळ होती, कष्टाळू होती' म्हणत होते. मला आठवत होतं तिचं स्टूल.

12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा ती चौदा वर्षांची, पुण्यात नारायण पेठेतल्या वाड्यात. घरातला कागद न् कागद चिखलात गेला. त्यानंतर जन्मभर तिने महत्त्वाचं काही हाताला लागेल असं ठेवलं नाही. कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहायला गेली, तरी कागदांचा डबा माळ्यावरच. "इथवर पूर येणार का गं?" म्हटलं की म्हणायची, "पानशेत तरी फुटणार होतं का?" तिला दाखल करताना आधार कार्ड हवं होतं म्हणून मी स्टुलावर चढलो. डब्यात आधार होतं, घराचे कागद होते आणि माझं चौथीचं प्रगतिपुस्तक. गणितात नापास झालो होतो. हरवलं म्हणून सांगितलं होतं.

तुमच्याही घरी अशी कुणी असेल. लिहा. गुणगान नको, खोड हवी.

*

माझी मावशी दांडेकर पुलापाशी राहायची, चार घरची धुणीभांडी करायची. अक्षरओळख नव्हती. पीएमटीच्या बसचे आकडे चित्रासारखे पाठ : 'शेपटीवाला नि भोपळा' आली की चढायचं. एकदाही चुकली नाही. मग 2007 ला पीएमटीची पीएमपी झाली, पुढे दिव्यांच्या सरकत्या पाट्या आल्या. "आता शेपूट जाग्यावर थांबतच न्हाय," म्हणाली आणि पायी जायला लागली. शेवटपर्यंत.

*

काकू दरवर्षी सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला. रमणबागेत सतरंजी, थर्मास, मेथीचे ठेपले, आणि पहिल्या ख्यालातच डोळा लागायचा. भैरवीला मात्र न उठवता उठायची! घरी येऊन गायकाच्या चुका काढायची, तेही आत्मविश्वासाने. महोत्सव मुकुंदनगरला गेला तेव्हा तिथे झोप लागत नाही म्हणून तिने जाणं सोडलं.

*

वाड्याच्या वाटणीवरून आत्याशी अकरा वर्षं बोललो नाही. वैकुंठ स्मशानभूमीत मागे उभा राहिलो. खोड माझीच म्हणायची.

*

स्टुलावरून आठवलं. मावशीची फोनची डायरी माझ्याकडे आहे. पुण्यातल्या नंबरांपुढे 2 लागला तेव्हा तिने एका दुपारी बसून, लाल पेनाने, पानापानावर दोनचे आकडे लावले. एकही नंबर सोडला नाही. त्यात माझ्या आजीचा जुना नंबरही आहे. आजी त्याआधीच गेली होती.