न्यूयॉर्कचा फेडरल हॉल: आत जाण्यासारखं आहे का?

जर्सीकर: आईबाबा आलेत इंडियातून, पुढच्या आठवड्यात वॉल स्ट्रीटला नेतोय. तो पायऱ्यांवर वॉशिंग्टनचा पुतळा आहे ना, तिथेच त्याची पहिल्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ झाली म्हणतात, मग बिल्डिंग तीच का?

पुणेरी_पाहुणा: जागा तीच हो, बिल्डिंग नाही! ३० एप्रिल १७८९ ला ज्या बाल्कनीत शपथ झाली ती इमारत १८१२ मध्येच पाडली, आत्ताची १८४२ ची, आधी कस्टम हाऊस होतं. पहिली काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, पण इथेच भरली आणि बिल ऑफ राइट्सचा, म्हणजे घटनेतल्या नागरिकांच्या हक्कांचा, मसुदा इथेच मंजूर झाला, पण १७९० ला राजधानी न्यूयॉर्कहून फिलाडेल्फियाला गेली.

चहा_घेणार: आत तो दगड नक्की दाखवा ज्यावर वॉशिंग्टन उभा होता, साधी तपकिरी फरशी, काचेमागे. बाबा आमचे पुतळ्यापेक्षा तिथेच जास्त रेंगाळले. शपथेला बायबल पण ऐनवेळी जवळच्या फ्रीमेसन लोकांच्या लॉजमधून (त्यांच्या मंडळाची जागा, हॉटेल नाही) मागवलं होतं म्हणे, आपल्याकडच्या लग्नासारखं 😄

जर्सीकर: भारी! आईचे गुडघे दुखतात पण, त्या पायऱ्या...

पुणेरी_पाहुणा: मागे पाइन स्ट्रीटवरून दार आहे, तिकडून न्या. तिकीट नाही, वेळ तेवढी आधी बघून घ्या.