प्रति: गिनीपिगला रोज गाजर आणि भिजवलेले हरभरे

ताई, रोजच्या गाजर-हरभऱ्यावर तुमची दोन्ही गिनीपिगं गुबगुबीत झालीत असं तुम्ही लिहिलंय, तिथंच मला या खाण्याबद्दल शंका आली. आम्हीही सांगलीत पहिली जोडी आणली तेव्हा हेच चारायचो, वर भाकरीचा तुकडा! लाडच ते.

मुख्य खाणं वाळलेलं गवत, तेही दिवसभर समोर हवं. यांचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. पोटही त्यावरच चालतं. लसूणघास (गुरांना घालतात तो हिरवा चारा) मात्र मोठ्यांना रोज नको. त्यात कॅल्शियम जास्त, मूतखड्याची भीती. पिल्लांना, गाभण मादीला चालतो. हरळी आवडीनं खातात, पण तासगावकडच्या द्राक्षबागांच्या बांधावरची आणू नका, तिथं फवारणी असते. द्राक्ष आठवड्यात एखादं पुरे. बेदाणा तर नकोच, नुसती साखर.

सी जीवनसत्त्व माणसासारखंच यांच्याही शरीरात तयार होत नाही. वजनाच्या किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. आम्ही ढोबळी मिरचीची एक फोड आणि थोडी कोथिंबीर देतो. पाण्यात या जीवनसत्त्वाचे थेंब टाकायचा सल्ला वर कुणी दिलाय, तो मला पटत नाही. ते पाण्यात लवकर नासतं, शिवाय चव बदलली की पाणीच पीत नाहीत. सशाच्या गोळी खाद्यात सी जीवनसत्त्व घातलेलं नसतं, दुकानदार काहीही सांगो. कांदा, लसूण, बटाटा बंद.

बदल हळूहळू करा, आठ-दहा दिवसांत. आणि तुमचा तो तपकिरी लंगडतोय म्हणता, त्याला आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.