मदत हवी आहे: नवजात बाळासाठी कार सीट, नागपुरात उद्यापर्यंत कुठली मिळेल?

वर्धेकर_बाबा (मंगळवार, सकाळी 9:40)
मंडळी, तातडीचं आहे. गुरुवारी बाळाला डिस्चार्ज मिळतोय आणि कार सीट अजून घेतलेली नाही. दोन रात्री मोबाइलवर पाहून राहिलो, चार हजारांपासून तीस हजारांपर्यंत सगळं आहे आणि सगळ्यांवर 'जन्मापासून' लिहिलंय. बजेट 10 हजार. कृपया एकच नाव सांगा, मी जाऊन घेऊन येतो. सीताबर्डी, धरमपेठ, कुठंही जाईन. सीट लागते की नाही यावर चर्चा नको, बायकोचं आणि माझं ठरलेलं आहे.

अंबाझरी_काठ (9:58)
अभिनंदन! गाडी कोणती ते लिहिलंच नाही. मागच्या सीटची पाठ आणि बैठक यांच्यामधल्या फटीत हात घाला, लोखंडी कड्या लागतात का पाहा. लागल्या तर आयसोफिक्सचीच, म्हणजे त्या कड्यांत अडकणारी, सीट घ्या. पट्ट्याने बांधताना लोक हमखास चुकतात, आयसोफिक्स खटकन बसतं. मी दुसरं काही सुचवणारच नाही.

वर्धेकर_बाबा (10:05)
वॅगनआर, 2012 ची. कड्या नाहीत. आता?

तर्री_पोहे (10:11)
कड्या नसल्या तरी काही अडत नाही. मागच्या कडेच्या जागेला खांद्यावरून येणारा पट्टा आहे ना, बस्स. 0 ते 25 किलोवाली कन्व्हर्टिबल घ्या. आधी उलटी लावायची, म्हणजे पोराचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला, पोरगं मोठं झालं की सुलटी. आम्ही एकदाच पैसे टाकले, मुलगा सहा वर्षांचा होईस्तोवर तीच चालली.

दोन_लेकरांची_आई (10:30)
तर्री_पोहे, तुमचा मुलगा त्यात पहिल्यांदा कितव्या महिन्यात बसला? माझ्या मोठीला मी तीच घेतली होती. पंधरा दिवसांची लेक त्यात हरवून जायची, मान एका बाजूला पडायची. उलट्या सीटमध्ये खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या उंचीवर किंवा थोडे खालून यावे लागतात. तिच्यात सगळ्यात खालची खाचसुद्धा कानापाशी येत होती. धाकट्याच्या वेळी 0 ते 13 किलोची हँडलवाली घेतली, आर फॉर रॅबिटची पिकाबू. फरक पहिल्याच दिवशी दिसला. वर्धेकर, बाळाचं वजन किती आहे?

तर्री_पोहे (10:41)
तीन महिन्यांचा होता. पण आतून काढता येणारी गादी असते की! वर्षभरात परत खर्च कशाला करायचा?

दोन_लेकरांची_आई (10:47)
ती गादी बुडाखाली आहे की मानेमागे, यावर सगळं अवलंबून आहे. त्यांचं बाळ परवा घरी येतंय, तीन महिन्यांनी नाही.

महालची_आजी (11:15)
बाळा, रागावू नको. माझी चार बाळंतपणं झाली. लेकरं दुपट्यात गुंडाळून, मांडीवर घेऊनच घरी आणली. आईच्या कुशीत बाळ निवांत राहते. त्या प्लास्टिकच्या टोपल्यात एवढ्याशा जिवाला बांधून ठेवणं मला पाहवत नाही. सव्वा महिना तर बाहेरच काढू नये.

वायुसेनानगर (11:32)
आजी, तुमच्या मायेबद्दल शंका नाही. पण मी यांत्रिकी शिकवतो, म्हणून हिशेब मांडतो. ताशी 50 किमी म्हणजे सेकंदाला जवळपास 14 मीटर. धडकेत गाडीचं नाक अर्धा मीटर चेपून ती थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूला स्वतःच्या वजनाच्या 20 पट ओढ बसते. 3 किलोचं बाळ त्या क्षणी 60 किलोचं पोतं होतं. ते दोन हातांनी धरून ठेवणं कुणाच्याच हातात नाही, पहिलवानाच्याही नाही. आणि लहान बाळाची सीट उलटी असते ती याचसाठी: डोकं जड, मान कच्ची. उलट्या सीटमध्ये हा झटका सगळ्या पाठीवर पसरतो, एकट्या मानेवर येत नाही.

महालची_आजी (11:50)
पोत्याचं समजलं. आमच्या वेळी सायकल रिक्षा होती, एवढा वेग कुठला आला.

ड्रायव्हिंग_नवं (12:04)
पुढच्या सीटवर लावली तर? बाबांना चालवता चालवता बाळ दिसेल. आणि पोलीस पकडतात का हो यासाठी?

वायुसेनानगर (12:10)
पुढे नको! समोर एअरबॅग चालू असेल आणि उलटी सीट लावली, तर एअरबॅग फुगून सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. बाळ मागे, आई त्याच्या शेजारी. कायद्याचं म्हणाल तर 2019 च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब मध्ये आहे: 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा बालसीटशिवाय नेलं तर 1000 रुपये दंड.

संत्राबर्फी (12:22)
वर्धेकर म्हणजे वर्ध्याला नेणार का? मग ट्रेनने जा ना जी! सव्वा-दीड तासात पोचता. आम्ही आमची मुलगी सेवाग्रामला ट्रेननेच नेली.

वर्धेकर_बाबा (12:40)
हो, वर्ध्याला, 75 किमी. ट्रेन नको. नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू आहे, प्लॅटफॉर्मवर गर्दी आहे आणि डॉक्टरांनी गर्दीत न्यायला मना केलंय. माझा प्रश्न फक्त कोणती सीट एवढाच आहे. कृपया.

एनआयसीयू_22_वर्षं (13:05)
मी निवृत्त परिचारिका. तुमच्या दोन गोष्टी खटकल्या. वजन विचारलं तर तुम्ही सांगितलं नाही. आणि डॉक्टरांनी गर्दीत न्यायला मना केलंय म्हणता. बाळ किती आठवड्यांचं जन्मलं? आत किती दिवस होतं?

वर्धेकर_बाबा (13:20)
34 आठवडे. 11 दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होती. आज 1 किलो 980 ग्रॅम भरली. आता स्वतः दूध पिते, ऑक्सिजन काढून पाच दिवस झाले. घरी सगळ्यांना माहीत आहे, म्हणून इथं लिहायचं सुचलंच नाही.

एनआयसीयू_22_वर्षं (13:48)
बाबा, हीच तर मुख्य गोष्ट आहे. दुकानात जाण्याआधी हे वाचा.

37 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाची मान अगदीच लुळी असते. अर्धवट बसतं केलं की हनुवटी छातीवर टेकते, श्वासाची वाट दबते आणि ते रडतही नाही, नुसतं गप्प होतं. आईला वाटतं झोपलं. म्हणून अशा बाळाला घरी सोडण्याआधी हॉस्पिटलमध्येच, ज्या सीटमधून नेणार त्याच सीटमध्ये बसवून, ऑक्सिजनचा आणि ठोक्यांचा मॉनिटर लावून पाहतात. 90 मिनिटं ते 2 तास, आणि प्रवास त्याहून मोठा असेल तर तेवढा वेळ. तुमच्या डॉक्टरांना आजच विचारा, "सीटमध्ये बसवून सॅच्युरेशन पाहाल का?" अगदी याच शब्दांत.

दुसरं, सगळ्या 'जन्मापासून'च्या सीट 2 किलोच्या बाळाला चालत नाहीत. पुस्तिकेत कमीत कमी वजन किती लिहिलंय ते पाहा. तिसरं, सीट साधारण 45 अंश कललेली हवी. फार उभी असली की मान पुढे पडते.

अंबाझरी_काठ (14:02)
हे मला माहीत नव्हतं. मी उगाच आयसोफिक्स लावून धरलं होतं.

तर्री_पोहे (14:09)
माझा सल्ला मागे घेतो. माझा मुलगा पूर्ण दिवसांचा आणि साडेतीन किलोचा होता.

दोन_लेकरांची_आई (14:15)
वर्धेकर, माझी हँडलवाली कपाटावर ठेवलेली आहे. पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच आहे, गाडीला कधी खरचटलंसुद्धा नाही. खाली मुदतीची तारीख आहे, ती अजून बाकी आहे. त्रिमूर्तीनगरला या, घेऊन जा. आधी त्यात बसवून पाहा, पैसे नंतर खर्च करा. पुस्तिका पण ठेवलीय. वजनाचं पान उघडून आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

वर्धेकर_बाबा (बुधवार, रात्री 9:30)
सीट काल संध्याकाळी आणली. ताई, तुम्ही वरून बाळाची टोपी आणि सुंठीचा लाडू दिलात, बायको फोनवर रडली.

पुस्तिका पाहून डॉक्टर लगेच हो म्हणाले. आज दुपारी बसवलं. 35 मिनिटं छान गेली, मग ऑक्सिजनचा आकडा (सॅच्युरेशन) 86 वर घसरला. पिल्लू नुसतं झोपल्यासारखं दिसत होतं. मॉनिटर वाजला नसता तर मला कळलं नसतं, खरंच कळलं नसतं. गुरुवारचा डिस्चार्ज रद्द झाला. आणखी दोन-तीन दिवस ठेवून पुन्हा पाहणार. मी कालपासून काहीच खाल्लं नाही.

एनआयसीयू_22_वर्षं (21:50)
जेवून घ्या, बाबा. आकडा हॉस्पिटलमध्ये खाली आला हे चांगलं झालं, बुटीबोरीच्या पुढे नाही. पुढच्या वेळी दोन लहान रुमाल गुंडाळून डोक्यापासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंना लावायला सांगा. एक घडी दोन पायांच्या मध्ये, बाळ आणि मधला पट्टा यांच्यामध्ये, म्हणजे ती खाली घसरत नाही. पाठीमागे किंवा डोक्यामागे काहीही नको, मान पुढे ढकलली जाते. बाजारात वेगळ्या विकत मिळणाऱ्या उशा तर मुळीच नको. छातीवरचा पट्टा असा घट्ट की चिमटीत त्याची घडी येऊ नये. दुपटं पट्ट्याच्या आत नाही, पट्टे लावून झाल्यावर वरून.

संत्राबर्फी (22:05)
आणि नवतप्यात निघताना बकलला स्वतःचा हात लावून पाहा. उन्हात उभ्या गाडीत तो तापून चटका देतो. आधी दहा मिनिटं एसी, पण झोत बाळावर नको.

महालची_आजी (22:20)
मांडीवर घे म्हटलं होतं मी. बोलून गेली. लेकराला देव चांगलं ठेवो. बारशाला नाव काय ते नक्की कळव.

वर्धेकर_बाबा (रविवार, दुपारी 12:10)
शुक्रवारी संध्याकाळी परत बसवलं. रुमाल लावले, सीट थोडी जास्त कलती केली. दोन तास. आकडा 95 च्या खाली आला नाही. मी दोन्ही तास मॉनिटरसमोर उभा होतो.

आज पहाटे साडेपाचला निघालो. वॅगनआरचा मागचा पट्टा पुरला, जेमतेम. सीटवर निळ्या खुणा आहेत, त्यांतूनच ओवायचा, उलट्या सीटची वाट तीच. बायको शेजारी बसून अख्ख्या रस्त्याने तिच्या छातीकडे पाहत होती. डॉक्टरांनी अर्ध्या तासाला थांबायला सांगितलं होतं. बुटीबोरीला थांबलो, काढून मांडीवर घेतलं, दूध पाजलं. सेलूला पुन्हा थांबलो. साडेआठला घरी.

घरात शिरताच तिला सीटमधून काढून सपाट अंथरुणावर झोपवलं. ताई, सीट पुढच्या तपासणीला येताना परत आणतो.

दोन_लेकरांची_आई (12:18)
घाई नका करू. 13 किलोची होईस्तोवर तुमच्याकडेच राहू द्या. पट्टे मात्र दर पंधरा दिवसांनी पाहात जा. खांद्याच्या खालून येतात ना, एवढंच.