मदत हवी आहे : नववीत संगीत विषय घेता येतो का? (खानापूर तालुका, मराठी माध्यम)

खानापूरवाली
मुलगी यंदा नववीत गेली. कर्नाटक बोर्ड, मराठी माध्यम. गाणं शिकते, भूप-दुर्गा-काफी हे राग झालेत. दहावीला संगीत विषय घेता येतो का? एसएसएलसीच्या (इथल्या दहावीच्या परीक्षेच्या) वेळापत्रकात ‘हिंदुस्थानी संगीत’ छापलेलं बघितलं. शिवाय गाण्याच्या परीक्षा दिल्या तर दहावीला मार्क वाढतात म्हणे. नेमकं काय ते सांगा ओ कुणीतरी.

सीमेवरचा
दोन्हीकडं गल्लत होतीया. वेळापत्रकात संगीत दिसतं ते दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी, त्यांना मुख्य विषयाच्या बदली घेता येतं. बाकीच्यांना तीन भाषा, गणित, विज्ञान, समाजविज्ञान, बस्स.

वाढीव मार्क महाराष्ट्र बोर्डाचे. चंदगडच्या शाळेतल्या पोराला मिळतील, शिनोळीची हद्द ओलांडून अलीकडं आलं की नाहीत. मार्कांच्या आशेनं परीक्षा देणार असाल तर आत्ताच सोडा. पुढं संगीत शिकायचं असेल तर मात्र द्याच, कारण पीयूसीला (अकरावी-बारावीला) कला शाखेत हिंदुस्थानी संगीत हा विषय आहे. सगळ्या कॉलेजांत नसतो, आधी चौकशी करा.

खानापूरवाली
मग परीक्षा कुठली द्यायची? गांधर्वची की कर्नाटकची?

सीमेवरचा
मराठीतून पेपर लिहायचा तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमाच्या दोन, असा क्रम. पहिल्या दोन परीक्षांत नुसतं गाऊन दाखवायचं आणि तोंडी उत्तरं, लेखी पेपर प्रवेशिका पूर्णपासून. वर्षातून दोन सत्रं, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. दहावीच्या वर्षी एप्रिलचं सत्र धरू नका, नववीतच दोन्ही सत्रं वापरा.

कर्नाटकच्या ज्युनिअर, सीनिअर, विद्वत या वेगळ्या. ‘कर्नाटकची परीक्षा’ म्हणजे ‘कर्नाटक संगीताची परीक्षा’ नव्हे, तिथं हिंदुस्थानीही असतं. फॉर्मवर पद्धत नीट बघून खूण करा. आणि नाव शाळेच्या दाखल्यावर आहे त्याच क्रमानं, त्याच स्पेलिंगनं लिहा. आपल्याकडं आडनाव कधी पुढं, कधी मागं, कधी नुसतं इनिशियल. पुढं प्रमाणपत्र जुळवताना तेच नडतं.

खानापूरवाली
एक अडचण आहे. क्लासची वही आणि वरच्या वर्गातल्या मुलीकडून आणलेली वही, दोन्हीत खुणा वेगळ्या. एकीत झपतालाच्या (दहा मात्रांचा ताल) पहिल्या मात्रेखाली १, दुसरीत फुली. कुठली बरोबर?

तिहाई
दोन्ही. स्वर-ताल लिहायच्या दोन पद्धती आहेत, एक पलुस्कर, दुसरी भातखंडे. दोन्हींची भेसळ झाली की मार्क जातात, कारण त्याच खुणेचा अर्थ उलटा होतो.

भातखंडेत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार (वरचं सप्तक), पायाशी टिंब म्हणजे मंद्र (खालचं). पलुस्करांत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र आणि तारसप्तकाला डोक्यावर उभी रेघ. भातखंडेत ती उभी रेघ फक्त मध्यमावर, तीव्र दाखवायला. म्हणजे एका वहीतला यमनचा तीव्र म दुसऱ्या पद्धतीनं वाचला की तार शुद्ध म होतो. कोमलला भातखंडेत स्वराखाली आडवी रेघ, पलुस्करांत पाय मोडायचा.

तालात आणखी फसगत. भातखंडेत सम (तालाची पहिली मात्रा) ×, खाली (जिथं टाळी द्यायची नाही ती मात्रा) ०, पुढच्या टाळ्यांना २, ३. पलुस्करांत समेला १, खालीला +, बाकी टाळ्यांना मात्रेचाच आकडा. झपताल एकीत ×, २, ०, ३ आणि दुसरीत १, ३, +, ८. घाईत × आणि + सारखेच दिसतात, तिथं समेची खाली होते! क्लासमध्ये जी पद्धत आहे तीच ठेवा आणि आणलेली वही तिच्यात उतरवून घ्या, नुसती वाचू नका.

झपतालाची दुगुनही (दुप्पट लय) आत्तापासून लिहायला लावा. एका मात्रेत दोन बोल, भातखंडेत त्यांना खालून कंस :
धीना धीधी | नाती नाधी धीना | धीना धीधी | नाती नाधी धीना
ठेका (तालाचे ठरलेले बोल) पाच मात्रांत संपतो, म्हणून मुलं तिथंच थांबतात. आवर्तन दहाचं आहे, तेव्हा दोनदा लिहायचं, आणि दंड (उभ्या रेघा) मूळच्या २-३-२-३ वरच. म्हणतानाही हातावरची टाळी मूळ लयीतच राहिली पाहिजे. तोंडाबरोबर हातही पळाला तर ती दुगुन नव्हे, नुसती घाई.

पांढरी_चार
रूपकाचं विसरलात की. हिंदुस्थानी रूपक ७ मात्रा, ३-२-२, सम खालीवर. कर्नाटक पद्धतीचा रूपक ६ चा. आपल्याकडं दोन्ही कानावर पडतात, पोरं गोंधळतात.

सूर कुठला आहे तिचा?

खानापूरवाली
काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी). क्लासला तबला कधी असतो, कधी नसतो.

पांढरी_चार
मग केंद्रावर आधी विचारा काळी चारचा तबला आहे का. मोठ्या तोंडाचा, काळी एकला लावलेला तबला ठोकून तिथवर चढवायला गेलं तर पुडी (तबल्याचं कातडं) फाटते. तबलजी त्या भानगडीत पडत नाही, ‘बाळ, जरा खाली गा’ म्हणतो, आणि मग मंद्रातले स्वर लागत नाहीत. घरी मोबाइलच्या तानपुऱ्यावर काळी चार लावून ठेक्यासह रोज एक बंदिश म्हणू द्या. मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) बरोबर मात्रेवरून उचलते का तेवढं ऐका, तिथंच परीक्षक पहिल्यांदा मान वर करतो.

खानापूरवाली
वही उतरवायला बसवलंय तिला. नोव्हेंबरचा फॉर्म भरते.