टारबॉल आणि गिट एकच नसतात

‘ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांसमोर उघडा असतो, त्यामुळे चोरदरवाजा लपूच शकत नाही’ हा नेहमी ऐकू येणारा मुद्दा अर्धाच पटतो. एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या (कॉम्प्रेशनच्या) साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत (मार्च २०२४ मध्ये उघड झालेलं प्रकरण) गिटमधला (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या साठ्यातला) कोड वाचून काहीच हाती लागलं नसतं. घातक तुकडा चाचणीसाठीच्या बायनरी फाइलींत दडवलेला होता आणि त्याला जागं करणारी एम४ फाइल (सॉफ्टवेअर बांधताना वापरली जाणारी) फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे आवृत्तीसोबत दिल्या जाणाऱ्या कोडच्या गठ्ठ्यात होती, गिटमध्ये नव्हतीच. डिस्ट्रोवाले (लिनक्सची वितरणं बनवणारे) पॅकेज बांधतात ते बहुधा टारबॉलवरूनच! शिवाय मूळ ओपनएसएसएच (दूरच्या संगणकावर सुरक्षित लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) लिबएलझेडएमए या एक्सझेडच्या लायब्ररीला हातही लावत नाही. काही डिस्ट्रोंनी सिस्टिमडीसाठी (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेसाठी) लावलेल्या पॅचमुळे ती लायब्ररी एसएसएचडीत, म्हणजे ओपनएसएसएचच्या सर्व्हरमध्ये शिरली. हे पकडलं तेही कोड वाचून नाही. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे सॉफ्टवेअर अभियंते आंद्रेस फ्रॉइंड खोदत बसले म्हणून.

पॅकेज सांभाळणाऱ्यांनी टारबॉल उलगडून गिटमधून काढलेल्या त्याच आवृत्तीच्या (टॅगच्या) प्रतीशी डिफ करावा, म्हणजे फरक ताडून पाहावा. ऑटोटूल्सच्या (बांधणीच्या स्क्रिप्ट तयार करणाऱ्या साधनांच्या) आपोआप बनणाऱ्या फाइलींमुळे फरक ढीगभर दिसतात, आणि नेमकं तिथेच लपायला जागा मिळते. म्हणून कॉन्फिगर स्क्रिप्ट (बांधणीची तयारी करणारी) गिटवरून स्वतः नव्याने बनवलेली बरी. टारबॉलवरची सही तपासून भागत नाही, कारण इथे सही करणाराच आत बसलेला होता.